टाचदुखी महिनोन्महिने हटत नसेल तर: कोणता उपाय, कधी आणि किती दिवस

टाचदुखीने सहा-आठ महिने बेजार झालेल्या माणसाला ‘आजवर काय काय केलंत?’ असं विचारलं की यादी भलीमोठी निघते. गोळ्या, मलम, शेक, सिलिकॉनचा हील कप, पायाखाली बाटली फिरवणं, कुणीतरी दाखवलेले दोन-तीन व्यायाम, झालंच तर एखादं इंजेक्शन. यातलं प्रत्येक किती दिवस केलं असं विचारलं तर उत्तर सहसा आठ-पंधरा दिवसांपुढे जात नाही. प्लांटर फॅशायटिसची, म्हणजे तळपायातला पट्टा दुखावून होणाऱ्या टाचदुखीची, गोम इथेच आहे. उपायांना तोटा नाही. पण काही उपाय नुसतं दुखणं कमी करतात आणि काही पायाला पुन्हा भार सोसायला तयार करतात. दुसऱ्या प्रकारच्या उपायांना दोन-तीन महिने द्यावेच लागतात. कोणता उपाय कशासाठी हे ठाऊक नसलं की माणूस एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहतो आणि शेवटी ‘मला कशानेच गुण येत नाही’ या निष्कर्षावर येतो.

दुखणं तीन महिन्यांहून जुनं झालंय आणि आता पुढे काय हे ठरवायचंय, अशांसाठी हा लेख आहे.

आधी खात्री करा की दुखणं हेच आहे

तळपायात टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड, चिवट पट्टा असतो. त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. पायाची कमान तोलून धरण्यात त्याचा मोठा वाटा असतो. चालताना टाच उचलून आपण चवड्यावर येतो तेव्हा बोटं वर वळतात, पट्टा ताणला जातो, कमान उंचावते आणि पाऊल पुढे ढकलण्याइतकं ताठ होतं. हा ताण सर्वांत जास्त पडतो तो पट्टा टाचेच्या हाडाला चिकटतो तिथे, आतल्या बाजूला. म्हणून दुखण्याची जागाही ठरलेली असते: टाचेच्या तळाशी, मध्यापासून किंचित पुढे आणि अंगठ्याच्या बाजूला.

खुर्चीत बसा, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. एका हाताने पायाची बोटं नडगीकडे ओढून धरा म्हणजे तळपायातला पट्टा दोरीसारखा ताठ लागेल. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तो पट्टा चाचपत टाचेपर्यंत या आणि हाडाजवळ दाबा. नेमकी रोजची ओळखीची कळ तिथेच उठली, आणि त्याच्या जोडीला सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट, चार-दहा पावलांनी जरा सैल, बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच, संध्याकाळी ठणका असा क्रम असेल, तर बहुधा प्लांटर फॅशायटिसच. डॉक्टरही बहुतेक वेळा एवढ्यावरच निदान करतात.

पण ‘महिनोन्महिने कशानेच बरं होत नाही’ या तक्रारीमागे कधीकधी निदानच चुकलेलं असतं. त्यामुळे ही जुळणी नीट करून बघा. टाचेच्या अगदी मधोमध, मुका मार लागल्यासारखं दुखत असेल, कडक फरशीवर उभं राहिल्यावर वाढत असेल आणि सकाळी विशेष त्रास नसेल, तर टाचेखालची चरबीची गादी झिजलेली किंवा दुखावलेली असू शकते. तिथे ताणण्याचे व्यायाम फारसे कामाचे नाहीत. मऊ आणि खोलगट हील कपने आराम पडतो. जळजळ, मुंग्या, बधिरपणा किंवा रात्री झोपेत दुखणं असेल तर नस दाबली जात असेल, घोट्याच्या आतल्या बाजूला किंवा थेट कमरेत. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबली की जीव जातो आणि प्रत्येक पावलाला दुखणं वाढतच जातं, असं असेल तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी, विशेषतः चालणं-धावणं अलीकडे एकदम वाढवलं असेल किंवा हाडं ठिसूळ झाली असतील तर. टाचेच्या मागे दुखत असेल तर तो अकिलीस टेंडनचा, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्याचा मामला आहे, हा नव्हे. वाढत्या वयातल्या मुलांची टाच दुखते तेव्हा कारण बहुधा हाड वाढतं त्या कूर्चेच्या जागी असतं. मुलांवर या लेखातलं काही करू नका.

आणखी एक प्रकार हमखास निसटतो. वय चाळिशीच्या आत, दोन्ही टाचा दुखतात, सकाळी कंबर अर्धा तासाहून जास्त वेळ आखडलेली असते आणि हालचालीने मोकळी होते, किंवा सोबत सोरायसिस, डोळे वारंवार लाल होणं, आतड्यांचा जुना विकार असं काही आहे. ही लक्षणं असतील तर संधिवाताच्या डॉक्टरांना भेटा. तिथे टाच हे मूळ दुखणं नसतं आणि तिच्यावर कितीही उपाय केले तरी ते वरवरचेच राहतात.

ताप, टाचेला सूज-लाली, कारण नसताना वजन घटणं, पडल्यावर सुरू झालेली टाचदुखी, किंवा एकदम ‘टक्’ आवाज होऊन तळपायाला आलेलं काळं-निळं वळ, यातलं काहीही अंगावर काढू नका.

‘हाड वाढलंय’ या वाक्याने घाबरू नका

एक्स-रेत टाचेच्या हाडाला पुढे आलेलं टोक दिसतं आणि तिथून ‘हाड वाढलंय’ हे शब्द डोक्यात बसतात ते बसतातच. टोक खरंच असतं, पण ज्यांची टाच आयुष्यात कधी दुखली नाही अशा अनेकांच्या एक्स-रेतही ते असतं. आणि उपचारांनी दुखणं गेलं तरी टोक तिथेच राहतं. त्यामुळे ते काढायच्या मागे लागू नये. एक्स-रेचा खरा उपयोग तडा किंवा दुसरा आजार नाही ना, हे बघायला. दुखणं रेंगाळलं असेल तर सोनोग्राफी जास्त बोलकी: निरोगी पट्टा साधारण ४ मिलिमीटरपेक्षा पातळ असतो, दुखावलेला त्याहून जाड दिसतो. पट्टा पातळ आणि साफ दिसला तर निदानाचा फेरविचार करायलाच हवा. एमआरआय लागतो तो निदान अडलं किंवा ऑपरेशनचा विचार असला तर.

शस्त्रक्रियेत काढलेले पट्ट्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले तेव्हा, २००३ सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात, सुजेच्या पेशींऐवजी झिजलेले, विस्कटलेले तंतू दिसले. जुन्या दुखण्यात सूज उतरवणाऱ्या गोळ्या का पुरत नाहीत, याचं उत्तर यात आहे. झिजलेल्या तंतूंना गोळी पुन्हा बांधू शकत नाही. त्यांना मोजका, हळूहळू वाढणारा भार लागतो.

पहिले बारा आठवडे: पाया

इथे घाई करू नका आणि इथेच सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण इंजेक्शनपासून ऑपरेशनपर्यंत पुढचं सगळं या पायावर उभं राहतं.

सुरुवात हिशेबाने करा. सकाळच्या पहिल्या पावलाचं दुखणं ० ते १० मध्ये किती, तो आकडा रोज लिहा. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही. आठवड्याची सरासरी बघा. या दुखण्यात चढउतार इतके असतात की लिहून ठेवलं नाही तर एका वाईट सकाळीच सगळं फुकट गेल्यासारखं वाटतं आणि चालू असलेला उपाय सुटतो.

दुसरं, भार कमी करा पण पाय बांधून बसू नका. रोज पाच किलोमीटर चालत असाल तर दोनवर या, धावणं थांबवून सायकल किंवा पोहणं धरा, उभ्याने करायच्या कामात मध्ये मध्ये टेका. पूर्ण विश्रांतीने दुखणं थांबतं खरं, पण पट्टा आणि पोटरी दोन्ही आणखी दुबळी होतात आणि पुन्हा चालू लागल्यावर कळ परत येते.

घरात अनवाणी चालणं काही आठवडे बंद. पलंगाजवळच चपला ठेवा, म्हणजे पहिलं पाऊलच फरशीवर पडणार नाही. चप्पल-बूट असे असावेत की टाचेखाली थोडी उशी आणि किंचित उंची असेल, तळ मधोमध दुमडत नसेल. सपाट, लवचीक तळाच्या चपला या काळात कपाटात. इन्सोल घ्यायचे तर आधी तयार मिळणारे घ्या. मापाने बनवून घेतलेले महागडे इन्सोल सरसकट जास्त गुणकारी असल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. पायाची ठेवण फारच वेगळी असेल तर गोष्ट निराळी.

आता ताणण्याचे व्यायाम. पट्ट्याचा ताण वर निदानासाठी सांगितला तसाच: दुखरा पाय मांडीवर, बोटं नडगीकडे ओढायची, दुसऱ्या हाताने पट्टा ताठ झालाय हे चाचपायचं. १० सेकंद धरा, सोडा, असं १० वेळा, दिवसातून तीनदा. यातली पहिली खेप सकाळी पाय जमिनीला लागायच्या आधी, पलंगावरच. ही अट सोडू नका. पहिल्या पावलाआधी पट्टा सैल करणं हाच या व्यायामाचा प्राण आहे.

पोटरी आखडलेली आहे का तेही बघा. बसून गुडघा सरळ ठेवा आणि पाऊल वर ओढा, मग गुडघा वाकवून तेच करा. गुडघा सरळ असताना पाऊल नव्वद अंशांच्या वर जेमतेम येतं आणि वाकवल्यावर सहज येतं, तर पोटरीचा वरचा स्नायू आखूड आहे. अशा पायात चालताना जादा ताण तळपायावर येतो. भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला घट्ट ठेवून ३० सेकंदांचा ताण तीन वेळा, रोज. टाच जराशी जरी उचलली गेली तरी ताण वाया गेला.

यानंतरचा व्यायाम बहुतेकांना कुणी सांगितलेलाच नसतो: भार घेऊन टाच उचलणं. डॅनिश संशोधकांनी २०१४ साली या व्यायामाची तुलना नुसत्या ताणण्याशी केली, तेव्हा तीन महिन्यांनी भार घेणारे रुग्ण पुढे होते. वर्षाअखेरीस मात्र दोन्ही गट सारखेच. पद्धत अशी. टॉवेलची घट्ट गुंडाळी जिन्याच्या पायरीवर ठेवा. चवडा पायरीच्या कडेवर आणि बोटं टॉवेलवर, म्हणजे ती वर वळलेली राहतील, टाच हवेत. एका हाताने कठडा धरा, तो तोल राखण्यापुरताच. ३ सेकंद मोजत टाच वर, वर २ सेकंद थांबा, ३ सेकंद मोजत खाली. एका पायावर १२ वेळा जमेल आणि तेरावी जमणार नाही असा भार हवा. अशा तीन फेऱ्या, एक दिवसाआड. दोन आठवड्यांनी पाठीवर पिशवीत पुस्तकं भरून भार वाढवा आणि १० वेळा, चार फेऱ्या. चार आठवड्यांनंतर आणखी भार, ८ वेळा, पाच फेऱ्या. एका पायावर सुरुवातीला जमत नसेल तर दोन्ही पायांवर करा, लाज वाटून घेऊ नका. पण सावकाशी सोडू नका. भरभर केलेल्या पन्नास उड्यांपेक्षा सावकाश आठ खेपा मोलाच्या.

व्यायाम करताना दुखणं चालेल का? चालेल. दहापैकी चारपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा नेहमीपेक्षा चढला नाही तर. चढला तर भार कमी करा, व्यायाम बंद करू नका.

नंतरच्या एका डॅनिश चाचणीत, २०२३ साली, नीट समजावून दिलेला सल्ला आणि हील कप एवढ्यावर ठेवलेल्या रुग्णांपेक्षा हा व्यायामही करणाऱ्यांना १२ आठवड्यांत फारसा जास्त फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं. मी त्याचा अर्थ असा लावतो की चालणं-उभं राहणं हिशेबात ठेवणं आणि पायात योग्य चप्पल असणं याचं वजन आपण समजतो त्याहून जास्त आहे. तरी ज्यांना दिवसभर उभं राहायचंय किंवा पुन्हा धावायचंय, त्यांनी भाराचा व्यायाम सोडू नये असंच माझं मत.

दुखणं आटोक्यात ठेवणारे उपाय

टेपिंग, म्हणजे तळपायाला चिकटपट्टी लावून आधार देणं, स्वस्त, निरुपद्रवी आणि लगेच परिणाम दाखवणारं आहे. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घेतलं की घरी जमतं. आराम काही दिवसांचाच, पण लग्नकार्य किंवा प्रवास असा उभं राहायचा दिवस निभावून जातो. शिवाय टेप लावल्यावर बराच फरक पडला तर इन्सोलचाही फायदा होण्याची शक्यता चांगली, हा एक स्वस्तातला अंदाज.

थंडगार बाटली पायाखाली दहा मिनिटं फिरवल्याने संध्याकाळचा ठणका उतरतो, यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये. मधुमेहाने पायाची जाणीव कमी झाली असेल तर बर्फही नको आणि गरम शेकही नको. वेदनाशामक गोळ्या चार-आठ दिवस ठीक, पण पोटाचे, मूत्रपिंडाचे, हृदयाचे विकार असणाऱ्यांनी, रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

नाईट स्प्लिंट म्हणजे रात्रभर पाऊल नव्वद अंशांत धरून ठेवणारा पट्टा. सकाळचं पहिलं पाऊल हीच मुख्य तक्रार असलेल्यांना त्याचा उपयोग होतो. अडचण एकच, तो घालून झोप लागत नाही. संध्याकाळी बसल्या बसल्या तासभर घालून सवय करा आणि मग रात्री वापरा. महिनाभर तरी द्या.

स्टेरॉइडचं इंजेक्शन: घ्यावं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात घाईने निकालात काढला जाणारा प्रश्न. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१७ सालच्या आढाव्याचा निष्कर्ष मोजका आहे: महिनाभरापर्यंत थोडा आराम पडू शकतो, त्यानंतर तो टिकत नाही. म्हणजे इंजेक्शन दुखणं बरं करत नाही, काही आठवड्यांची उसंत देतं. ती उसंत व्यायाम सुरू करायला वापरली तर पैसे वसूल. बरं वाटलं म्हणून दुसऱ्याच दिवशी जुन्या चालीने धावपळ सुरू केली तर दोन महिन्यांत तुम्ही त्याच खुर्चीत पुन्हा बसलेले असता.

धोके दोन लक्षात ठेवा. पट्टा तुटू शकतो, आणि टाचेखालची चरबीची गादी विरघळून पातळ होऊ शकते. दुसऱ्यावर चांगला उपाय नाही. म्हणून वारंवार इंजेक्शनं नकोत; एकाने अजिबात गुण आला नाही तर दुसऱ्याचा हट्ट धरू नये. द्यायचंच तर सोनोग्राफीत बघत द्यावं, म्हणजे औषध चरबीत न जाता योग्य जागी पडतं. त्यानंतर दोन आठवडे उड्या, धावणं बंद. मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते, ती तपासत राहा.

सहा महिन्यांनंतरही तसंच असेल तर

इथवर खरंच नेमाने केलं असेल, तर माझ्या मते पुढची पायरी शॉकवेव्ह. यात दाबाच्या लहरी टाचेवर सोडतात. औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने या दुखण्यासाठी त्याला २००० साली मान्यता दिली. साधारणपणे आठवड्याला एक अशा तीन ते पाच खेपा होतात. करताना दुखतं, आणि ते सांगून-विचारून सोसण्याइतकं ठेवायचं असतं. टाच बधिर करून केलं तर परिणाम कमी होतो असं दिसलंय. फरक लगेच कळत नाही. शेवटच्या खेपेनंतर सहा ते बारा आठवडे थांबून मगच हिशेब करा. गरोदरपणात, रक्त गोठण्याचा दोष असताना किंवा त्या जागी गाठ असताना करत नाहीत.

पीआरपी म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स वेगळ्या काढून टाचेत टोचणं. काही चाचण्यांत सहा महिने-वर्षाच्या टप्प्यावर ते स्टेरॉइडपेक्षा सरस ठरलंय. पण तयार करण्याची पद्धत जागोजागी वेगळी असते, खर्च बराच असतो आणि पहिले काही दिवस दुखणं वाढतं. शॉकवेव्ह करून झाल्यावर विचार करावा, आधी नाही. ड्राय नीडलिंगने, म्हणजे औषधाशिवाय नुसत्या बारीक सुया टोचण्याने, काहींना थोडा आराम पडतो. लेझर, चुंबकाच्या पट्ट्या आणि ‘हाड विरघळवणारे’ लेप यांवर पैसे घालवण्यापेक्षा चांगले बूट घ्या.

ऑपरेशनपर्यंत फार थोडे लोक पोचतात. दहापैकी आठ-नऊ जण वर्षभरात ऑपरेशनशिवायच बरे होतात. निदान सहा, शक्यतो बारा महिने बाकी सगळं झाल्याशिवाय त्याचा विषयही नको. दोन पर्याय असतात. एकात टाचेजवळ पट्ट्याचा आतला भाग कापतात. निम्म्याहून जास्त कापला तर कमान खचू शकते आणि पावलाची बाहेरची बाजू दुखू लागते. दुसऱ्यात पट्ट्याला हात न लावता पोटरीच्या आखूड स्नायूचा पडदा सैल करतात. वरची गुडघ्याची चाचणी ज्यांच्यात स्पष्ट दिसते त्यांच्यासाठी हा अधिक समंजस पर्याय. त्यात पोटरीची ताकद काही काळ कमी राहते. नसेला इजा, जखम चिघळणं, दुखणं तसंच राहणं हे धोके दोन्हींत आहेत. सर्जनला तीन प्रश्न विचारा: माझी पोटरी आखूड आहे का, नस दाबली जात नाही हे तपासलंय का, आणि पट्टा किती कापणार? त्यांची नेमकी उत्तरं मिळेपर्यंत तारीख घेऊ नका.